अर्धवटरावांचा कॅमेरा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात गच्चीवर झालेल्या कार्यक्रमात एका सभासदाने केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सचिवांनी मला सांगितलं, ‘तुम्ही फोटोग्राफीवर बोला, वीस मिनिटं.’ मी म्हटलं, ‘अहो, मी कॅमेऱ्याच्या मागे उभा राहणारा माणूस. मला पुढे कशाला उभं करता?’ तर ते म्हणाले, ‘चौदा वर्षं तुम्ही आम्हाला पुढे उभं केलंत, आता तुमची पाळी.’ त्यामुळे नाइलाज झाला. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट कबूल करतो. मी फोटोग्राफी कुणाकडे शिकलेलो नाही. माझ्याकडे डिप्लोमा नाही, सर्टिफिकेट नाही. माझी नोकरी बँकेतली. कॅमेरा हातात आला तेव्हा मी ४७ वर्षांचा होतो. त्याआधी तीन कलांचे दरवाजे ठोठावले आणि तिन्ही ठिकाणी उंबरठ्यावरूनच परत आलो. आमच्या घरात त्यामुळे माझं नाव ‘अर्धवटराव’ पडलं होतं. रामदास पाध्यांचा बोलका बाहुला आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण तो निदान बोलायचा तरी पूर्ण!

पहिली कला चित्रकला. माझं लहानपण मिरजेत गेलं. वडील रेल्वेत कारकून. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या. ज्यांनी दिल्या आहेत त्यांना आठवेल : वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. टेबलावर एक तांब्या, शेजारी वांगं, मागे घडी पडलेला कपडा, आणि आपण पेन्सिल समोर धरून एक डोळा मिटून मापं घेतोय. इंटरमिजिएटला ‘बी’ ग्रेड मिळाली. मला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचं होतं. वडील रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, ‘बाळ, यात महिन्याला किती मिळतात?’ मला उत्तर देता आलं नाही. मी कॉमर्सला गेलो. आज त्यांच्या जागी मी असतो तरी तेच विचारलं असतं.

दुसरी कला पेटी. मिरज म्हणजे तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, ते आम्ही रात्रभर बसून ऐकायचो. गल्लीतल्या एका गुरुजींकडे चार वर्षं हार्मोनियम शिकलो. अलंकार झाले, भूप झाला, दुर्गा झाला. १९८६ साली बँकेत नोकरी लागली, मुंबईला आलो, कॉटबेसिसवर राहिलो. पेटी मिरजेलाच राहिली. पुढे भात्याला उंदरांनी भोक पाडलं, असं आईने पत्रात कळवलं.

तिसरी कला नाटक. बँकेत हौशी मंडळींचा ग्रुप होता, राज्य नाट्यस्पर्धेसाठी नाटक बसवायचा. मला अभिनय येत नाही हे पहिल्याच तालमीत सर्वानुमते ठरलं. म्हणून मला लाइटवर बसवलं. डिमर वरखाली करायचा, स्पॉटवर रंगीत जिलेटीन लावायचं. मला ते काम फार आवडायचं. रंगमंच तोच, नट तोच, पण प्रकाश समोरून आला की माणूस सपाट दिसतो आणि बाजूने आला की त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी घडू लागतं. तीन नाटकं केली. मग लग्न, बदली, मुलीचा जन्म, डोंबिवलीचा प्रवास. फास्ट लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तर तोच आनंद, अशी ती वर्षं. नाटकही सुटलं.

२००० साली आपण सगळे इथे राहायला आलो. संस्थेची नोंदणी झाली, पाण्याचे टँकर आले, लिफ्टची भांडणं झाली. ते सगळं या स्मरणिकेत इतरांनी लिहिलंच आहे. मी माझ्या कॅमेऱ्यावर येतो.

२०११ साली मुलगी दहावी झाली. बक्षीस म्हणून तिने कॅमेरा मागितला. निकॉनचा डी ३१००, सोबत १८-५५ची लेन्स, हप्त्यावर घेतला. तिने दोन महिने फुलांचे आणि मैत्रिणींचे फोटो काढले, मग कॉलेज सुरू झालं आणि कॅमेरा कपाटात गेला. हप्ते मात्र चालू. एका रविवारी मी सहज बाहेर काढला. वरची चकती फिरवली तर ती ‘एम’ या अक्षरावर थांबली. ‘एम’ म्हणजे मॅन्युअल, सगळं तुमचं तुम्ही ठरवा. फोटो काढला. संपूर्ण काळा. दुसरा काढला. संपूर्ण पांढरा. सौ. म्हणाल्या, ‘झालं! चौथी कला.’

पण या वेळी मी हट्टाला पेटलो. सोबतचं माहितीपुस्तक वाचून काढलं. एक दोनशेपानी वही केली. प्रत्येक फोटोचे आकडे लिहायचे, खाली शेरा लिहायचा : का फसला. तीन महिने मी चकती ‘एम’वरून हलवली नाही. कशाचे फोटो काढत होतो? स्वयंपाकघराच्या खिडकीत एक तांब्या ठेवला, शेजारी वांगं, मागे टॉवेल. ते मांडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, अरे, ही तर इंटरमिजिएटची वस्तुचित्राची मांडणी! ३२ वर्षांनी मी त्याच टेबलापाशी येऊन बसलो होतो. तांब्याच्या पोटावर उजेडाची एक रेघ असते, तिच्या शेजारी अंधार असतो, आणि अंधाराच्या अगदी कडेला पुन्हा थोडा परतीचा उजेड असतो. हे ड्रॉइंगच्या सरांनी नववीत सांगितलं होतं. तेव्हा मी ते पेन्सिलने काढलं होतं. आता दिसलं. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘वांगं भाजीला हवंय. झालं असेल तर द्या.’

पुढची अडचण आकड्यांची होती. एफ ४, एफ ५.६, एफ ८, एफ ११, हा काय प्रकार आहे ते कळेना. आकडा वाढला की भोक लहान होतं, हे तर डोक्यात शिरेना. ते शिरलं पेटीमुळे. शटरचे आकडे बघा : १/६०, १/१२५, १/२५०. दर पायरीला वेळ निम्मा. म्हणजे ठाय, दुगुन, चौगुन! आणि एफचा आकडा एक पायरी खाली आणला, आठचा ५.६ केला, की प्रकाश दुप्पट येतो. म्हणजे शटरची लय दुप्पट केली आणि एफची एक पायरी उतरलो, की दोन्ही मिळून प्रकाश तेवढाच. फिरून समेवर आलो. हे सुचलं त्या रात्री मी सौ.ना झोपेतून उठवून सांगितलं. त्यांची प्रतिक्रिया मी इथे सांगत नाही.

ज्या मुलांना हे शिकायचं असेल त्यांना एक सोपा नियम देतो. लख्ख ऊन असेल तर एफ १६ ठेवा, आणि आयएसओचा जो आकडा असेल तोच शटरच्या खाली घ्या. आयएसओ १०० असेल तर शटर १/१०० किंवा त्याच्या जवळचं १/१२५. फोटो जमलाच म्हणून समजा. जुने फोटोग्राफर मीटरशिवाय याच हिशेबावर काम करायचे. आमच्या लहानपणी आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा असायचा, एका रोलमध्ये १२ फोटो. बारांपैकी एक फुकट गेला तर घरात दोन दिवस चर्चा व्हायची. आता एका मिनिटात बारा निघतात आणि पाहतं कुणीच नाही.

आणि नाटकातला लाइट? तो तर रोज कामाला येतो. माणसाला खिडकीकडे तोंड करून नाही, खिडकी बाजूला घेऊन बसवायचं. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळी वाटली तर तिकडे थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायचा. टीव्हीच्या खोक्यातून येतो तोच. एवढ्यावर स्टुडिओ तयार होतो.

म्हणजे बघा, ज्या तीन कला मी अर्ध्यावर सोडल्या असं मला वाटत होतं, त्या तिघीही माझी वाट बघत कॅमेऱ्यात बसल्या होत्या. मग मी जरा वाचू लागलो की असं आणखी कुणाचं झालंय का. मोठ्या माणसांशी बरोबरी करायची म्हणून नाही, धीर यावा म्हणून.

आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके घ्या. जे. जे.मध्ये चित्रकला शिकले, बडोद्याच्या कलाभवनात गेले, गोध्र्याला फोटोग्राफीचा स्टुडिओ काढला, जादूचे प्रयोग केले, छपाईच्या धंद्यात पडले. त्या काळच्या शेजाऱ्यांनी त्यांना धरसोडच म्हटलं असेल. पण १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा त्यात चित्रकला होती, फोटो होता, जादू होती. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते.

अमेरिकेतले अॅन्सल अॅडम्स, डोंगरदऱ्यांचे कृष्णधवल फोटो काढणारे, ते तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाले होते. १४ व्या वर्षी योसेमिटीच्या खोऱ्यात सुट्टीला गेले तेव्हा हातात साधा कोडॅकचा डबा कॅमेरा होता. पुढे ते म्हणायचे की निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे प्रत्यक्ष वादन. हे वाचलं तेव्हा मला मिरजेची पेटी आठवली.

आणि तिसरी व्यक्ती ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. या बाईंचा जन्म १८१५ सालचा, आपल्या कोलकात्यातला. पुढे त्या इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइट बेटावर राहायच्या. १८६३ साली लेकीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला, एकटेपणात विरंगुळा म्हणून. तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या, माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठ्या! कोंबड्यांच्या खुराड्याचं त्यांनी काचघर केलं आणि कोळशाच्या कोठीची डार्करूम. समोरच्याला काही मिनिटं हलू न देता बसवायच्या. जाणकार नावं ठेवायचे, फोटो धूसर येतो म्हणायचे. त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्यासमोर कवी बसले, शास्त्रज्ञ बसले. पण त्यांच्या अतिशय गाजलेल्या फोटोंपैकी कितीतरी त्यांच्या घरच्या मोलकरणीचे आहेत. मेरी हिलियर तिचं नाव. बाईंनी तिला मदर मेरी म्हणून बसवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे. कारण मला ती फार उशिरा कळली.

आता जे सांगणार आहे ते सांगावं की नाही, असा मी खूप विचार केला. ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या मुलाची परवानगी घेतली आहे. तो इथेच बसला आहे.

२०१३ पासून संस्थेच्या गणेशोत्सवाचे फोटो मी काढू लागलो. तोवर मी बरीच पुस्तकं वाचली होती. सगळ्या पुस्तकांत एक सल्ला असायचा : फ्रेम स्वच्छ ठेवा. मुख्य विषय सोडून जे जे मध्ये येतं ते ते काढून टाका. मी तो सल्ला मनापासून पाळला. मूर्ती, समई, आरतीचं तबक, अध्यक्षांचे जोडलेले हात, लहान मुलांचे चेहरे. आपण सगळ्यांनी कौतुक केलंत. दरवर्षी जिन्याखालच्या बोर्डवर फोटो लागायचे.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आपल्या सगळ्यांना आठवतात. गणपतीच्या नैवेद्याचे २१ मोदक दरवर्षी त्यांच्याच हातचे. शिवाय दहा दिवस प्रसाद वाटणं, निरांजनात तेल घालणं, मुलांना ‘चपला बाहेर’ म्हणून ओरडणं. त्या सतत इकडून तिकडे जात असायच्या आणि नेमक्या माझ्या फ्रेममध्ये यायच्या. मला माझं वाक्य स्पष्ट आठवतं. मी म्हणायचो, ‘काकू, जरा बाजूला व्हा ना.’ आणि त्या ‘अगं बाई, हो हो’ करत बाजूला व्हायच्या. पदराने तोंड झाकून हसायच्या. एकदा नाही, तीन वर्षं.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये काकू गेल्या. दोनच दिवसांचं आजारपण. रात्री नऊच्या सुमारास त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. दाराबाहेरच उभा राहिला. म्हणाला, ‘काका, आईचा एखादा चांगला फोटो असेल ना तुमच्याकडे? तुम्ही तर सगळ्यांचे काढता.’

मी म्हटलं, ‘असेलच. किती पाहिजेत?’

कॉम्प्युटर लावला. तीन वर्षांचे गणपती, कोजागिरी, २६ जानेवारी. दोन हजारांच्या वर फोटो. मी आणि तो, दोघं शेजारी बसून रात्री एकपर्यंत बघत होतो. एकात त्यांचा हात होता, मोदकांच्या ताटाखाली. एकात पाठ आणि अंबाडा. एकात अर्धा चेहरा, तोही धूसर, कारण माझा फोकस समईवर होता. दोन हजार फोटोंत काकूंचा पूर्ण चेहरा एकाही फोटोत नव्हता. तो काहीच बोलला नाही. उठताना फक्त म्हणाला, ‘राहू दे काका, तुम्ही झोपा.’

शेवटी त्यांनी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. आधारचा फोटो कसा असतो ते आपल्याला माहीत आहे. त्यालाच हार घातला. दहाव्याला, तेराव्याला मी त्यांच्या घरी गेलो, पण त्या भिंतीकडे मला बघवलं नाही. ते काम मी करायला हवं होतं. कॅमेरा माझ्या हातात होता, काकू माझ्यासमोर होत्या, आणि मी त्यांना बाजूला व्हायला सांगत होतो.

त्यानंतर दोन महिने मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. सौ.ना वाटलं, नेहमीप्रमाणे हीही कला सुटली. पण त्याच एकदा म्हणाल्या, ‘सोडायचा असेल तर सोडा. पण आता तुम्हाला कळलंय कुणाचा फोटो काढायचा ते. कळल्यावर सोडणार?’

मग आपण सगळ्यांनी पाहिलेला तो उद्योग सुरू झाला. चौथ्या मजल्याच्या जिन्याच्या वळणावर उत्तरेकडे खिडकी आहे. तिथे ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे उजेड मऊ असतो. तिथे एक स्टूल ठेवलं. २०१७ च्या पाडव्यापासून दर रविवारी सकाळी एक घर. कार्यकारिणीने परवानगी दिली, अट एकच : जिना अडवायचा नाही. त्यामुळे वर-खाली जाणाऱ्या प्रत्येकाने सूचना करायची संधी सोडली नाही.

सुरुवातीला कुणी यायला तयार नव्हतं. ‘आमचे कसले फोटो काढता’, हे मी इतक्यांदा ऐकलंय! बायका म्हणायच्या, ‘थांबा, साडी बदलून येते’, आणि बदलून येईपर्यंत उजेड बदललेला असायचा. पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, ‘हसायला सांगू नका, कवळी घरी आहे.’ मी सांगितलं नाही. पण नात समोर येऊन उभी राहिली आणि ते हसलेच. तो फोटो त्यांनी स्वतः निवडून ठेवला. मुलाला सांगून ठेवलं, ‘माझ्या पश्चात हाच लावायचा, कवळीवाला नको.’ २०१९ मध्ये ते गेले. तोच लावला आहे.

आपल्या वॉचमनकाकांना मी म्हटलं, ‘बसा, तुमचाही काढतो.’ ते म्हणाले, ‘साहेब, दस मिनट दो.’ मला वाटलं युनिफॉर्मची टोपी आणायला गेले. दहा मिनिटांनी आले ते पांढराशुभ्र, इस्त्री केलेला शर्ट घालून, केस विंचरून. इतक्या वर्षांत मी त्यांना युनिफॉर्मशिवाय पाहिलंच नव्हतं. फोटोच्या दोन प्रती त्यांनी मागून घेतल्या, एक गावी पाठवली. जिना झाडणाऱ्या मावशी आधी केरसुणी लपवत होत्या. मग म्हणाल्या, ‘असू दे दादा, हातात असली की बरं वाटतं.’ मेरी हिलियरची गोष्ट मी तेव्हा वाचली. दीडशे वर्षांपूर्वी त्या कॅमेरॉनबाईंना जे पहिल्या वर्षी कळलं, ते कळायला मला सहा वर्षं लागली.

मार्च २०२० पर्यंत ४८ पैकी ४१ घरं झाली. मग लॉकडाऊन आला. स्टूल गच्चीवर गेलं. त्यानंतर कधी नोकरी, कधी गुडघे, कधी नुसता आळस. सात घरं राहिली ती राहिलीच. म्हणजे ‘अर्धवटराव’ हे नाव अजून पूर्ण पुसलेलं नाही, हे आपल्या लक्षात आलं असेल.

या वर्षी स्मरणिकेच्या कामासाठी मी घरोघरी जुने अल्बम मागत फिरलो. सहाशेच्या वर फोटो जमा झाले. वास्तुशांत्या, मुंजी, पहिली होळी, टँकरपुढची बादल्यांची रांग. त्यात बी विंगमधल्या एका कुटुंबाच्या अल्बममध्ये २००३ चा एक फोटो मिळाला. साध्या रोलच्या कॅमेऱ्यातला. तिरका आलेला. कोपऱ्यात काढणाऱ्याचं बोट आहे. याच गच्चीवर, चादरीवर कुरडया घातल्या आहेत, आठ-दहा बायका उन्हात बसल्या आहेत. आणि मधोमध काकू आहेत, डोक्यावर पदर, हात चिकाने बरबटलेले, मान मागे टाकून मोकळ्या हसताहेत. पूर्ण चेहरा.

पुस्तकातले नियम लावले तर त्या फोटोला मी दहापैकी दोन गुण दिले असते. कुणी काढला ते कुणालाच आठवत नाही. पण ज्याने काढला त्याने कुणाला बाजूला व्हायला सांगितलं नाही. मी तो स्कॅन केला, पिवळेपणा कमी केला, मोठा प्रिंट काढला आणि काकूंच्या मुलाला नेऊन दिला. कोपऱ्यातलं बोट काढून टाकणं मला पाच मिनिटांचं काम होतं. ते मी तसंच ठेवलं. आता त्या भिंतीवर तो फोटो आहे, आणि मी त्यांच्या घरी गेलो की त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसतो.

वीस मिनिटं होत आली. सचिव घड्याळ दाखवताहेत. तीन विनंत्या करतो आणि थांबतो.

पहिली, फोटोच्या मागे नावं लिहा. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, काठाला. कोण, कुठे, कोणतं साल. त्या सहाशे फोटोंतल्या कितीतरी चेहऱ्यांना आज नाव नाही, आणि सांगू शकणारी माणसंही आता मोजकी आहेत. ज्येष्ठ मंडळींनी घरच्या नातवंडांना जवळ घेऊन एक दुपार एवढंच करावं.

दुसरी, वर्षातले निदान १२ फोटो कागदावर काढून घ्या. महिन्याला एक. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो आकाराने लहान झालेला असतो, मोठा केला की फाटतो. मोबाईल हरवतो, हार्ड डिस्क बंद पडते. म्हणून मूळ फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. जुने फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकले असतील तर ओढून काढू नका. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, पानासकट त्याचा फोटो घ्या.

तिसरी विनंती सगळ्यात महत्त्वाची. पुढच्या सणाला फोटो काढाल तेव्हा एकदा मागे वळून बघा. स्वयंपाकघरात कोण आहे, खुर्च्या कोण लावतंय, लिफ्टपाशी कोण उभं आहे. आणि जी व्यक्ती नेहमी सगळ्यांचे फोटो काढते, तिच्या हातातून एकदा कॅमेरा काढून घ्या. घरातल्या आयांचे फोटो सगळ्यात कमी निघाले, कारण त्या एकतर ओट्याशी होत्या, नाहीतर ‘माझा नको, चेहरा घामेजलाय’ म्हणत होत्या.

ज्यांना वाटतं की आपलं वय झालं, आपण चार गोष्टी धरल्या आणि सोडल्या, त्यांनी तो हिशेब मांडू नये एवढंच सांगतो. माझी पेटी मिरजेत उंदरांनी खाल्ली, पण दुगुन-चौगुन माझ्यापाशी राहिलं. तुमच्यापाशीही काहीतरी राहिलं असेलच. या महिन्यात कपाट उघडून बघा.

राहता राहिली सात घरं. त्यांची यादी मी खिशात आणली आहे, नावं जाहीर करत नाही. येत्या रविवारपासून सकाळी आठ ते साडेनऊ, चौथ्या मजल्याच्या वळणावर स्टूल मांडलेलं असेल. साडी बदलायला वेळ लागणार असेल तर साडेसातलाच बदलून या. आणि कुणी मध्ये आलं तर येऊ द्या, मी आता बाजूला व्हा म्हणत नाही.